वाट्याचा डबा

बेबी रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास मला फोनवर एक जाहिरात पाठवते. रोज तीच. बेबी म्हणजे माझी धाकटी बहीण. आता तिचे केस पांढरे झाले तरी नाव काही बदललं नाही. जाहिरात पाकिटातल्या झटपट शेवयांची आहे, आम्ही लहान असताना टीव्हीवर लागायची ती. कुणीतरी जुन्या जाहिराती गोळा करून इंटरनेटवर टाकल्यात आणि खाली लोकांनी लिहिलंय, काय ते दिवस होते, डोळ्यांत पाणी आलं, परत लहान व्हावंसं वाटतं. मी तलासरीला शाळेत शिकवत होते तेव्हा मधल्या सुट्टीत हाच विषय निघायचा. दिवाळी जवळ आली की बाकीच्या बाई बिस्किटांच्या, चॉकलेटच्या, थंड पेयांच्या जाहिरातींच्या धुनी गुणगुणायच्या आणि तिथून गाडी चकल्या-अनारशांवर यायची. मी तेवढ्यात वह्या तपासायला घ्यायची. सगळ्यांना वाटायचं, शालूबाई जरा तुसड्याच आहेत. वाटू दे. लोकांना त्या धुनी ऐकून गहिवरून येतं, मला त्या ऐकवत नाहीत. बेबीने पाठवलेली जाहिरात मी उघडत नाही. पण पाठवू नकोस असंही तिला म्हणत नाही.

आमचं घर डहाणूला, खाडीच्या तोंडाशी, मच्छीमारांच्या वस्तीत. पुढच्या दाराने समुद्राचा वारा आणि मागच्या दाराने सुकत घातलेल्या बोंबलांचा वास, असं ते घर होतं. नवख्या माणसाला नाकाला पदर लावावासा वाटे, आम्हाला मात्र तो वास नसला की चुकल्यासारखं व्हायचं. सकाळी जाग यायची ती बर्फ फोडण्याच्या आवाजाने. शेजारीच बर्फाचा कारखाना होता आणि लाद्या फोडणारी माणसं उजाडायच्या आधीच कामाला लागायची. आई टोपली घेऊन बाजारात जायची, आत्या घरामागच्या वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, बोंबील टांगायची. बापू, माझे वडील, घरी नसायचे. आमच्या भागातले बरेच पुरुष वेरावळ, ओखा, पोरबंदरकडच्या मोठ्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, तसे तेही जात. नारळीपौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की ते पिशवी भरत आणि वैशाख सरताना, उन्हाने काळे ठिक्कर होऊन, परत येत. त्यामुळे दसरा, दिवाळी, संक्रांत, होळी, सगळे मोठे सण बापूंशिवाय. आम्हाला त्याचं वाईट वाटत नसे. दिवाळी म्हणजे बापू घरात नसतात तो सण, अशीच माझी लहानपणी समजूत होती.

पण त्यांचा वाटा ठेवायचा. चुलीवरच्या फळीवर एक पत्र्याचा डबा असे, त्याला 'वाट्याचा डबा' म्हणत. झाकण जाळं विणायच्या सुतळीने बांधलेलं. नारळीपौर्णिमेची नारळाची वडी, दिवाळीची करंजी आणि शंकरपाळे, संक्रांतीचा तिळगूळ, जे जे टिकतं ते घरात पहिलं बनलं की त्यातलं एक डब्यात जायचं. नवं पडलं की जुनं गाईला द्यायचं. माणूस घरी आला की पाय धुवायचा आणि कुणाशी बोलायच्या आधी आपल्या हाताने सुतळी सोडायची. एक घास स्वतः खायचा आणि उरलेलं शेजारीपाजारी वाटायचं. दुसऱ्या कुणी तो डबा उघडायचा नाही. आणि माणूस कधी येणारच नाही असं कळलं, तर डबा तसाच बांधलेला ओहोटीला समुद्रात सोडायचा, म्हणजे तो परत किनाऱ्याला लागत नाही. वस्तीत प्रत्येक घरी अशी एक फळी होती. आमच्या फळीवर डब्याशेजारी एक रिकामी जागा होती. तिथे आत्याच्या नवऱ्याचा डबा असायचा. वादळात त्यांची होडी गेली, तेव्हा मी रांगतही नव्हते. तेव्हापासून आत्या आमच्याकडे राहत होती. ती फळी रोज पुसायची, पण त्या जागी काही ठेवू द्यायची नाही. साधी मिठाची बरणी ठेवली तरी न बोलता उचलून खाली ठेवायची.

मी पंधरा-सोळा वर्षांची होते त्या साली, दिवाळी होऊन गेल्यावर, बापूंची बोट पकडली गेली. समुद्रात कुठे रेघ आखलेली नसते. जाळ्यामागे बोट जाते आणि पलीकडच्यांचं जहाज येऊन उभं राहतं. वेरावळहून परतलेल्या एका खलाशाने आईला बाजारात गाठून सांगितलं, बोट नेली, माणसंही नेली, कराचीला तुरुंगात असतील. आईने टोपली डोक्यावर घेतली आणि राहिलेली मासळी विकून मगच घरी आली. मला तेव्हा तिचा राग आला होता. पुढे माझ्या लक्षात आलं की त्या क्षणी हातात काही काम नसतं तर ती तिथेच कोसळली असती.

चिठ्ठी नाही, निरोप नाही. कुणीतरी म्हणालं, सोडतात तेव्हा टीव्हीवरच्या बातम्यांत दाखवतात. आमच्या वस्तीत टीव्ही एकच होता, बर्फाच्या कारखान्याच्या मॅनेजरकडे. त्यांची बायको सविताबेन गुजराती, मनाने मोकळी. पहिल्या दिवशी आम्ही दाराशी उभ्या राहिलो तेव्हा म्हणाली, "अंदर आवो ने, बारणामां केम ऊभां छो?" तिने असं आत बोलावलं तरी आई पुढे खोलीत गेली नाही. कितीही हात धुतले तरी मासळीचा वास जात नाही आणि तिच्या घरात तर लसूणही शिजत नसे. आई, आत्या, मी आणि सहा वर्षांची बेबी, चौघी उंबऱ्याच्या आत, दाराला टेकून बसायचो. हे रोजचं झालं. दिवे लागले की हातपाय धुवायचे, स्वच्छ लुगडं नेसायचं आणि बातम्यांना जायचं. देवळात जावं तसं आम्ही जायचो.

बातम्यांच्या आधी जाहिराती लागत. आम्ही कधी उशीर करायचो नाही, म्हणून त्या सगळ्या पाहाव्या लागत. चकचकीत स्वयंपाकघरं, पांढरेशुभ्र दात, बर्फ घातलेलं सरबत. शेवटी ती शेवयांची. शहरातलं घर, दाराशी आकाशकंदील, एक मुलगी खिडकीत उभी. घंटी वाजते. बाबा सुटकेस घेऊन आलेले असतात. मुलगी धावत जाऊन त्यांना बिलगते, आई हसत हसत पातेल्यात शेवया टाकते आणि घटकेत वाफाळता वाडगा त्यांच्यापुढे येतो. बाबा डोळे मिटून वास घेतात. मग एक टिणटिण धून, आणि लगेच बातम्यांचं गंभीर संगीत. ती धून वाजली की आई माझं मनगट धरायची. आता सांगतील. तिची बोटं रुतायची. म्हणून सांगते, मला ती धून ऐकू आली की आजही आधी मनगट दुखतं, बाकीचं मागाहून आठवतं.

बेबीचं मात्र वेगळंच होतं. तिला बातम्यांत रस नव्हता, ती जाहिरातीसाठी यायची. तिला सगळ्या जाहिराती तोंडपाठ होत्या. एकदा घरी परतताना तिने आईला विचारलं, "त्या पोरीचे बाबा रोज येतात. आपले कधी येणार?" आईने चालायचा वेग वाढवला. मग बेबीच म्हणाली, "आपल्याकडं शेवया नायत ना. म्हणून." आत्या तिच्यावर खेकसली. असलं कृमीसारखं वळवळतं खाणं आपल्या घरात येणार नाही म्हणाली. पण मनातून ते काढून टाकणाऱ्यांपैकी बेबी नव्हती.

असं वर्ष गेलं. दुसरी दिवाळी तोंडावर आली आणि एका संध्याकाळी बातम्यांत ते चित्र दिसलं. सरहद्दीवरून सोडलेल्या मच्छीमारांची रांग. कुणाच्या गळ्यात हार, कुणाच्या हातात प्लास्टिकची पिशवी. कॅमेरा भराभर पुढे सरकत होता. रांगेत एक माणूस पाठमोरा झाला आणि त्याच्या सदऱ्यावर, उजव्या खांद्याला, चौकटीच्या कापडाचं मोठं ठिगळ दिसलं. दोर ओढून ओढून खलाशांचे सदरे तिथेच विरतात. ठिगळ सगळ्यांच्याच खांद्याला असतं, पण ते ठिगळ आत्याने लावलेलं होतं, तिच्या जुन्या लुगड्याचं, एका बाजूला काठ ठेवून. बापूंनी तेव्हा चेष्टाही केली होती की आता मला नथ तेवढी घाल.

"हऱ्या," आत्याने बापूंना नावाने हाक मारली. ती उठून उभी राहिली होती. "हऱ्या हाय तो. माझं लुगडं हाय."

आईने मला विचारलं, "तू बघितलंस?"

"बघितलं," मी म्हणाले. खरंच बघितलं होतं. तोंड कुणाचंच नीट दिसलं नव्हतं, पण ठिगळ आम्ही तिघींनीही बघितलं होतं. सविताबेन आतून साखरेची वाटी घेऊन धावत आली. आई चप्पल न घालता घरी पळत सुटली. आम्ही पोचलो तेव्हा वस्तीतल्या बायका दारात जमल्या होत्या आणि आईच्या हातात डबा होता. सुतळी सोडलेली. आदल्याच दिवशी केलेली पहिली करंजी, शंकरपाळे, नारळाची वडी ती तुकडे करकरून प्रत्येकीच्या हातावर ठेवत होती आणि हसत होती. तिला असं हसताना मी वर्षभर पाहिलं नव्हतं. आत्या दारातच थांबली. "त्याला येऊ द्यायचं होतंस," एवढंच म्हणाली. पण तिनेही हात पुढे केला आणि तुकडा तोंडात टाकला.

पुढचे काही दिवस आई आणि मी डहाणू रोडच्या स्टेशनवर गुजरातकडून येणाऱ्या गाड्यांना उभ्या राहिलो. आई येताना बापूंसाठी तांब्यात पाणी आणायची आणि परत जाताना ते फलाटाशेजारच्या झाडाला घालायची. कुणी उतरलं नाही. मग बाजारात तलासरीकडून भाजी विकायला येणारी एक बाई आईला म्हणाली, "आमच्या झरीचा लाडक्या आला ना सुटून. तुमच्याच बोटीवर होता तो." आईने विचारलं, त्याच्या अंगात काय होतं? बाई म्हणाली, "सदरा होता, ठिगळाचा. पोरं हसत होती, बायकांच्या लुगड्याचं ठिगळ म्हणून."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीने तलासरीला गेलो आणि तिथून विचारत विचारत झरीला. भात कापणीला आलं होतं. लाडक्या अंगणात खाटेवर बसला होता, तिशीचा असेल पण म्हाताऱ्यासारखा वाकलेला. सदरा धुऊन आत खुंटीला टांगला होता, दारातून दिसत होता. आईची नजर त्याच्यावरून हलेना.

"तो बरा हाय ना?" आईने विचारलं.

"मी निघालो तवा होता," लाडक्या म्हणाला.

"म्हणजे काय?"

तो खाटेवरून उतरून जमिनीवर बसला. मग म्हणाला, "खोकला हाय, वैनी. रातचा झोपत नाय. माझं नाव यादीत आलं, त्याचं नाय आलं. तवा सदरा काढून दिला. म्हणाला, हा घालून जा, टीव्हीवर दाखवतात. घरातली ठिगळ वळखतील. मी अजून हाय, हे त्यांना कळंल."

आई खाली बसली. बापूंनी निरोप धाडला होता की मी अजून आहे, आणि आम्ही तो वाचला की मी आलो. यात कुणाची चूक म्हणायची, मला आजही कळत नाही. मग आई म्हणाली, "तो सदरा द्या मला."

"नाय देणार," लाडक्या म्हणाला.

आईचा आवाज चढला. माझ्या नवऱ्याचा आहे, तुम्हाला त्याची ऊब मिळाली तेवढं पुरे, आता चोरीही करता का, असं बरंच काही ती बोलली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाडक्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग हळू आवाजात म्हणाला, "वैनी, नुसते कपडे घरी कुणाचे येतात? मी आणून दिला तर त्याचा काय अर्थ होईल? तो येईल आणि तो नेईल. तवर इथंच खुंटीला राहील."

त्याच्या बायकोने आम्हाला उपाशी जाऊ दिलं नाही. त्यांच्याकडे वाघबारस होती, वसुबारशीच्याच दिवशीचा त्यांचा वाघदेवाचा सण. काकडी किसून तांदळाच्या पिठात कालवलेली, गूळ घातलेली, पानांत गुंडाळून वाफवलेली पानगी तिने आमच्यापुढे ठेवली. हिरव्या पानाचा आणि काकडीचा असा वास येत होता की भूक नसताना खाल्ली. निघताना तिने एक पानगी निराळी बांधून आईच्या हातात दिली. "त्यांच्या वाट्याची," म्हणाली. आईने झरीहून डहाणूपर्यंत ती मांडीवर धरून आणली. घरी आल्यावर डब्यात ठेवायला गेली, तर आत्याने डबा छातीशी धरला.

"नाय. माणूस यायच्या आधी सोडलेला डबा त्याच्यासाठी परत बांधत नायत," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या येण्यावर तू त्याचा वाटा वाटलास. आता तो घरी कशाला येईल?"

"वळखलंत तुम्ही, वन्सं," आई म्हणाली.

"सोडलास तू."

त्यानंतर त्या दोघी कामापुरतं बोलायच्या. मी आत्याला दुष्ट म्हणणार नाही. तिने एक डबा ओहोटीला सोडलेला होता, तिला नियमांखेरीज दुसरा आधार नव्हता. पण त्या दिवाळीला आईने पुन्हा करंज्या तळल्या तेव्हा पहिली करंजी झाऱ्यावर घेऊन ती किती वेळ उभी राहिली, ते मी पाहिलं. फळीवर उघडा डबा. शेवटी तिने ती करंजी परातीत बाकीच्यांत टाकली. मग कुठली होती ते ओळखू येईना. संक्रांत तशीच गेली, होळी तशीच गेली. बातम्यांना जाणं सुटलं नव्हतं, पण आई आता माझं मनगट धरत नव्हती. हात मांडीवर उताणे ठेवून बसायची. मला ते जास्त वाईट वाटायचं.

चैत्रातली दुपार. आई आणि आत्या घरामागे वलांडीवर बोंबील फिरवत होत्या, मी खाली टोपल्या धरून उभी. खाडीकडच्या वाटेने एक माणूस येताना दिसला. दाढी वाढलेली, पाय ओढत चाललेला, उन्हामुळे तोंडावर सावली. पण ठिगळ दिसलं. काठासकट. माझ्या हातातली टोपली खाली पडली. आईने वळून पाहिलं. मला वाटलं आता ती धावेल. तिने बोंबील उचलला आणि नीट टांगला, मग दुसरा उचलला. तिचं तोंड राखेसारखं झालं होतं.

"वन्सं," ती आत्याला म्हणाली, "झरीचा लाडक्या आलाय. सदरा द्यायला आलाय. तुम्ही घेऊ नका. परत घेऊन जा म्हणावं त्याला."

आत्याने वलांडीचा बांबू दोन्ही हातांनी धरला. कितीतरी महिन्यांनी आईने तिला आपणहून काही मागितलं होतं. तीही मान वर करेना. "परत घेऊन जा रं बाबा," ती बोंबलांकडे बघत म्हणाली. "आम्हाला नको. तुझ्या पाया पडते."

तो माणूस कुंपणापाशी थांबला. त्याला काही समजेना. तो खोकला, बराच वेळ खोकला, आणि मग म्हणाला, "ताई, मी कुठं परत जाऊ?"

आत्याने बांबू सोडला आणि वर पाहिलं. आई तेव्हाही हलली नाही. बापू जवळ गेले, तिच्या हातातला बोंबील काढून घेतला आणि वलांडीवर टांगला. मग ती रडली. भर उन्हात, मासळीच्या हातांनी तोंड झाकून. मी पुन्हा कधी कुणाला तसं रडताना ऐकलं नाही.

नंतर कळलं ते असं. त्यांना सोडलं ते बातम्यांत दाखवलंच नव्हतं. सुटल्यावर वेरावळहून वापीपर्यंत ते बसने आले, पुढे एका ट्रकवाल्याने अच्छाडच्या नाक्यावर सोडलं. तुरुंगातून मिळालेला ढगळ कुर्ता घालून घरी यायची लाज वाटली, म्हणून आधी झरीला गेले आणि लाडक्याकडून आपला सदरा घेतला. आपल्याला बघून आनंद होईल असंच त्यांना वाटत होतं, दुसरं काही वाटायचं कारणच नव्हतं.

पाय धुऊन ते स्वयंपाकघरात आले आणि सवयीने फळीकडे हात केला. "माझा वाटा?" डबा हातात आला तो हलका. झाकणाला सुतळी नव्हती. त्यांनी आत पाहिलं, मग आईकडे पाहिलं. दोन वर्षं त्यांनी त्या डब्याची चव धरून काढली असणार. आई चुलीतली लाकडं पुढे सारू लागली. आत्या दाराशी होती. सांगायची वेळ तिच्यावर आली होती आणि ती पदराला हात पुसत राहिली. तेवढ्यात बेबी उठली. बापूंना ती नीट ओळखतही नव्हती, इतका वेळ माझ्यामागे लपली होती. कोपऱ्यात बापूंच्या जुन्या जाळ्याचं बोचकं होतं, त्यात तिने खांद्यापर्यंत हात घातला आणि एक पाकीट बाहेर काढलं. शेवयांचं. दिवाळीला सविताबेनने फराळाच्या ताटाबरोबर तिला दिलेलं, आम्हाला वाटलं होतं ते कुठे तरी हरवलं. चुरगळलेलं, पण फोडलेलं नाही. बोंबलाचा वास मारत होता त्याला.

"हा तुमचा वाटा," बेबी म्हणाली. "डब्यात ठेवू देत नव्हत्या म्हणून इथं ठेवला."

आईने ते पाकीट आत्याकडे बघत फोडलं. आत्याने अडवलं नाही. आमच्या चुलीवर त्या शेवया घटकेत वगैरे झाल्या नाहीत, लाकडं ओली होती. पातेल्यातून पितळीत आल्या तेव्हा फार थोड्या दिसत होत्या. बापूंनी जाहिरात पाहिलेली नव्हती, हे काय आहे तेही त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी डोळे मिटून वास वगैरे घेतला नाही. एक घास खाल्ला आणि रीतीप्रमाणे उरलेल्या वाटायला घेतल्या, बेबीला, मला, आईला. आत्याच्या हातावर ठेवताना थांबले आणि दुप्पट ठेवल्या. "दाजींच्या वाट्याच्या," म्हणाले. आत्याने त्या वळवळत्या शेवया हातावरूनच खाल्ल्या. मग उठली, डबा धुतला, पुसला आणि फळीवर ठेवला. दाजींच्या रिकाम्या जागी.

बापू परत बोटीवर गेले नाहीत. खोकल्याने त्यांना सोडलं नाही. बर्फाच्या कारखान्यात लाद्या मोजत त्यांनी उरलेलं आयुष्य काढलं आणि घरातच, आमच्या हातांवर गेले. लाडक्या त्यांना खांदा द्यायला आला होता. आता ही सगळी माणसं नाहीत. मला वाटायचं, ते प्रकरण त्यांच्याबरोबर संपलं.

बेबीने मुलाला खूप सांगितलं की समुद्रावर जाऊ नकोस. तरी तो, केतन, बोटीवर गेला. वस्तीतली त्याच्या वयाची पोरं जात होती आणि त्याला बोटीचं वेड होतं, आजोबांचंच रक्त. गेल्या माघात ओख्याकडची त्याची बोट पलीकडच्यांनी नेली. तेव्हापासून काही कळलेलं नाही. परवा वसुबारशीला मी बेबीकडे गेले. तिच्या गॅसच्या ओट्यावरच्या फळीवर तोच डबा आहे, गंज चढलेला, सुतळीने बांधलेला. त्यात करंजी आहे, वडी आहे आणि शेवयांचं एक पाकीट. पाकिटावरची तारीख उलटली की ती नवं आणते. मी फळीकडे बघतेय हे तिने पाहिलं.

"ताई, मी पाठवते ती तू बघत नाहीस, हो ना?" तिने विचारलं.

"नाही बघत," मी म्हणाले. "मला नाही सहन होत, बेबी. तू तरी रोज कशाला बघतेस?"

ती करंज्यांना मुरड घालत होती. हात थांबले नाहीत. "बघायला पाठवत नाय गो," ती म्हणाली. "बातम्यांच्या आधी एकटीला बसवत नाय. तू बघितलीस तर आपण त्या दाराशी बसलोय असं वाटेल, इतकंच."

घरी आले तोवर दिवे लागले होते. फोन वाजला. मी खाली बसले, भिंतीला टेकून, आणि ती जाहिरात उघडली. खिडकीत मुलगी उभी होती, दाराशी आकाशकंदील, रंग पार उडालेले. घंटी वाजली, बाबा आले, वाडगा आला, ती धून वाजली. मी माझं मनगट माझ्याच हाताने घट्ट धरलं. मग बेबीला फोन लावला, म्हटलं, "बसलेय गं मी." ती हं म्हणाली. फोन तसाच चालू ठेवून आम्ही दोघींनी बातम्या लावल्या.